लेव्हिटाउनचं घर : कुणाला विकलं, कुणाला नाकारलं



घर घ्यायचं ठरलं की आपण किती चौकशा करतो! जागा किती, पाणी किती वेळ येतं, शाळा जवळ आहे का, भाजी कुठे मिळते, मंदिरात पायी जाता येईल का. मग हळूच आणखी दोन प्रश्न येतात. हे घर आधी कुणाचं होतं? आणि शेजारी कोण आहे? या दोन प्रश्नांमागे केवढा इतिहास असू शकतो, ते आज सांगायचं आहे. घरं अमेरिकेतली आहेत, पण आपल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटहून मोठी नाहीत. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या मुली-सुना आज अमेरिकेतल्या अशाच उपनगरांत संसार करतात. ती उपनगरं कशी उभी राहिली आणि त्यांची दारं कुणासाठी बंद होती, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

बटाट्याच्या शेतात उभी राहिलेली घरं

दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं आणि लाखो सैनिक घरी परतले. लग्नं झाली, पाळणे हलले, पण राहायला जागा नव्हती. नवी जोडपी आईवडिलांच्या घरात एका खोलीत दाटीवाटीने राहत, नाहीतर सैन्याच्या पत्र्याच्या झोपड्यांत. आपल्या आधीच्या पिढीने चाळीत काढलेले दिवस आठवले, तर ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचं लांबट बेट आहे. तिथे बटाट्याची शेतं होती. अब्राहम लेव्हिट आणि त्यांची दोन मुलं, विल्यम आणि आल्फ्रेड, यांच्या कंपनीने ती जमीन घेतली आणि १९४७ मध्ये घरं बांधायला सुरुवात केली. आल्फ्रेड आराखडे काढायचा, विल्यम व्यवहार बघायचा, आणि वडील झाडं-बागा बघायचे. पहिली कुटुंबं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राहायला आली. वस्तीला नाव पडलं लेव्हिटाउन.

बांधकामाची पद्धत कारखान्यासारखी होती, फक्त इथे वस्तू जागेवर राहायची आणि कामगार पुढे सरकायचे. एका घराचं काम पंचवीसहून जास्त टप्प्यांत वाटलेलं असायचं. एक टोळी जोतं ओतायची, दुसरी लाकडी सांगाडा उभा करायची, तिसरी फक्त रंग द्यायची. आपलं काम झालं की शेजारच्या प्लॉटवर. लाकूड आधीच मापात कापून यायचं. कामाला वेग आला तेव्हा दिवसाला तीस घरं तयार व्हायची. १९५१ पर्यंत १७ हजारांवर घरं उभी राहिली.

घर होतं साधारण ७५० चौरस फुटांचं. दिवाणखाना, स्वयंपाकघर, दोन झोपायच्या खोल्या, एक न्हाणीघर, आणि वर छपराखाली मोकळा ठेवलेला माळा. तळघर नाही. काँक्रीटच्या जोत्यातच तांब्याच्या नळ्या घातलेल्या, त्यांतून गरम पाणी फिरायचं, म्हणजे थंडीत जमीन उबदार राहायची. प्लॉट ६० फूट बाय १०० फूट. १९४९ मध्ये नवा नमुना आला. त्यात स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आणि दिवाणखाना मागे, मोठी काच लावून परसाकडे तोंड केलेला. शेगडी, फ्रिज आणि कपडे धुण्याचं यंत्र घराबरोबरच मिळायचं. त्या काळी कपडे धुण्याचं यंत्र ही नवलाईची गोष्ट होती, आणि हे घर बायकांच्या मनात भरलं त्यात त्या यंत्राचा मोठा वाटा होता.

भाड्यापेक्षा हप्ता कमी

सुरुवातीला ही घरं महिना ६० डॉलर भाड्याने दिली. पुढे कंपनीने ती विकायला काढली. १९४९ च्या नव्या नमुन्याची किंमत होती ७,९९० डॉलर. माजी सैनिकाला आगाऊ रक्कम एक पैसाही भरावी लागत नव्हती, आणि हप्ता महिना ५८ डॉलर. म्हणजे भाडेकरू राहण्यापेक्षा मालक होणं स्वस्त! मार्च १९४९ मध्ये विक्री उघडली तेव्हा लोक थंडीत रांगा लावून बसले होते आणि एका दिवसात सुमारे १,४०० करार झाले.

हे शक्य झालं सरकारमुळे. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारने हमी दिली होती. त्याआधी १९३४ मध्ये गृहकर्जाचा विमा उतरवणारं सरकारी खातं स्थापन झालं होतं. कर्ज बुडालं तर सरकार भरणार, म्हणून बँका तीस वर्षांच्या मुदतीने बिनधास्त पैसे देऊ लागल्या. बिल्डरलाही त्याच हमीवर भांडवल मिळालं. घराची चौकट लाकडाची होती, पण त्याला खरा आधार सरकारी हमीचा होता. पुढची गोष्ट समजायला हे ध्यानात ठेवा.

आज त्या लाँग आयलंडच्या लेव्हिटाउनमध्ये घर घ्यायचं तर पाच लाख डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. म्हणजे किंमत साठपटीहून जास्त झाली. तेवढ्या काळात अमेरिकेतले सर्वसाधारण भाव तेरापटीच्या आसपास वाढले. ज्या कुटुंबाने १९४९ मध्ये ५८ डॉलरचा हप्ता भरायला सुरुवात केली, त्याने मुलांना शिकवलं, माळ्यावर खोल्या काढल्या, म्हातारपणाची सोय केली. आपल्याकडे बाई अडीअडचणीला दागिना मोडते. तिथल्या मध्यमवर्गाचा दागिना म्हणजे हे घर.

पोहण्याचा तलाव, दुकानं आणि दोरीवरचे कपडे

लेव्हिट कंपनीने घरांबरोबर सोयीही दिल्या. लाँग आयलंडच्या वस्तीत मध्ये मध्ये हिरवळीचे चौक होते, त्यांच्याभोवती किराणा, औषधं, न्हावी अशी दुकानं, मुलांसाठी क्रीडांगणं, आणि सगळ्या वस्तीत मिळून नऊ पोहण्याचे तलाव. नवरा सकाळी गाडी घेऊन शहरात गेला की बाईला पायी जाऊन दूध-पाव आणता येईल, मूल खेळायला नेता येईल, असा विचार त्यात होता. मात्र शाळा बांधणं कंपनीने आपल्या अंगावर घेतलं नाही. एवढी तरुण कुटुंबं एकदम आली की शाळा ओसंडणारच, आणि त्याचा भार स्थानिक करांवर पडला.

सोयींबरोबर नियमही आले. दर आठवड्याला हिरवळ कापलीच पाहिजे. नाही कापली तर कंपनी माणूस पाठवून कापून घेणार आणि बिल तुम्हाला. कुंपण घालायचं नाही. कपडे वाळत घालायला परसात लांब दोरी बांधायची नाही, फिरता घडीचा सांगाडा वापरायचा, आणि तोही शनिवार-रविवारी नाही. गॅलरीत कपडे वाळत घालण्यावरून सोसायटीच्या सभेत झालेले वाद ज्यांनी ऐकलेत, त्यांना इथे हसू येईल.

पण करारात आणखी एक कलम होतं, आणि ते वाचून हसू येत नाही. कॉकेशियन वंशाची, म्हणजे गोरी, नसलेली कोणतीही व्यक्ती या घरात राहू शकणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. पुढे एक सवलत होती : घरकामाला ठेवलेल्या नोकरांना हा नियम लागू नाही. म्हणजे कृष्णवर्णीय बाई त्या स्वयंपाकघरात भांडी घासू शकत होती, पण ते स्वयंपाकघर तिचं असू शकत नव्हतं.

हा एकट्या बिल्डरचा हट्ट नव्हता. कर्जाचा विमा उतरवणाऱ्या सरकारी खात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच अशा अटींची शिफारस होती. मिश्र वस्तीत घरांच्या किमती पडतात, असा त्यांचा हिशेब. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. कलम कागदावरून गेलं, पण कंपनीचं धोरण गेलं नाही. विल्यम लेव्हिटचं म्हणणं असं की, आपण घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा, दोन्ही एकत्र नाही. लेव्हिट कुटुंब स्वतः ज्यू होतं, आणि त्या काळी अमेरिकेतल्या कितीतरी उपनगरांत ज्यूंनाही घर मिळत नसे. ज्याला एका दारात अडवलं जातं, तो दुसऱ्या दारात इतरांना अडवतो, हे किती वेळा दिसतं!

आता तुम्ही विचाराल, आपल्यासारख्यांचं तिथे काय झालं असतं? भगतसिंग थिंद नावाच्या पंजाबी गृहस्थांनी अमेरिकेचं नागरिकत्व मागितलं होतं. वंशशास्त्राप्रमाणे आपणही कॉकेशियन आहोत, असा त्यांचा मुद्दा होता. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असं न्यायालय म्हणालं. भारतीयांना नागरिक होण्याचा मार्ग १९४६ मध्ये खुला झाला, तोही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यावर. तेव्हा १९४७ च्या त्या करारापुढे एखादं मराठी जोडपं उभं राहिलं असतं, तर त्यांनाही बहुधा दारातूनच परत जावं लागलं असतं.

डेझी मायर्स यांचं घर

लेव्हिट कंपनीने दुसरी वस्ती पेन्सिल्वेनियात बांधली. डेलावेअर नदीकाठी पोलादाचा मोठा कारखाना येत होता, त्याच्या कामगारांना घरं हवी होती. १९५२ पासून तिथे पुन्हा १७ हजारांवर घरं झाली. या वेळी शाळांच्या जागा आधीच ठरवल्या होत्या. मुलांना मोठा रस्ता न ओलांडता प्राथमिक शाळेत जाता यावं अशी आखणी होती. पाच मोठे तलाव होते, प्रशस्त बाजारपेठ होती. आणि कंपनी इथेही कृष्णवर्णीयांना घर विकत नव्हती.

पण घराची पहिली विक्रीच फक्त बिल्डरच्या हातात असते. त्यानंतर ते कुणाला द्यायचं हे घरमालक ठरवतो. ही भिंत तिथेच फुटली.

१९५७ च्या ऑगस्टमध्ये डीपग्रीन लेन नावाच्या गल्लीतलं एक घर त्याच्या मालकाने विल्यम आणि डेझी मायर्स यांना विकलं. विल्यम युद्धात सैन्यात होते आणि आता नोकरी करत होते. डेझी पदवीधर शिक्षिका. पदरात तीन लहान मुलं, धाकटी तर तान्ही. जुनी जागा अपुरी पडत होती, म्हणून एक जास्तीची खोली हवी होती. त्यांची मागणी एवढीच. आपल्यापैकी कुणीही याच कारणासाठी घर बदलेल.

ते राहायला आले त्याच संध्याकाळी दारासमोर गर्दी जमली. काही दिवसांत ती शेकड्यांवर गेली. शिवीगाळ झाली, दगड आले, दिवाणखान्याची मोठी काच फुटली. स्थानिक पोलीस गर्दीला आवरू शकले नाहीत, तेव्हा राज्यपाल जॉर्ज लीडर यांनी राज्याचे पोलीस पाठवले. एका पोलिसाला दगड लागून तो बेशुद्ध पडला. मग मागच्याच एका रिकाम्या घरात विरोधकांनी अड्डा जमवला आणि रात्री-अपरात्री मोठ्याने गाणी लावून त्रास सुरू केला. दहशत बसवण्यासाठी क्रूस जाळले गेले. हे आठवडेच्या आठवडे चाललं. घरात तीन लेकरं घेऊन डेझी हे सगळं सोसत होत्या.

या सगळ्यात शेजार होता. अगदी बाजूच्या घरातले लुई आणि बी वेक्सलर हे जोडपं पहिल्या दिवसापासून त्यांच्या बाजूने उभं राहिलं. त्यांच्याही घराच्या भिंतीवर धमकीची अक्षरं रंगवली गेली, पण ते हलले नाहीत. क्वेकर पंथाचे लोक आणि वस्तीतले आणखी काही जण पाळीपाळीने रात्री पहारा द्यायला येऊन बसत. बायका येऊन घर आवरू लागत, मुलांना सांभाळत. वर्तमानपत्रांत फोटो आले ते गर्दीचे. पण मायर्स कुटुंब तिथे टिकलं, त्याला या बायकांचाही आधार होता.

राज्याच्या महाधिवक्त्यांनी त्रास देणाऱ्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १९५८ मध्ये त्यांच्यावर कायमचा मनाई हुकूम निघाला. त्याच वर्षी वस्तीत दुसरं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा एवढा गोंधळ झाला नाही. मायर्स कुटुंब त्या घरात चार वर्षं राहिलं आणि १९६१ मध्ये दुसऱ्या गावी गेलं. डेझी पुढे शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. १९९९ मध्ये त्या गावाच्या महापौरांनी त्यांना सन्मानाने बोलावून जाहीर माफी मागितली. २०११ मध्ये त्या वारल्या.

कायदा उशिरा आला

तिसरं लेव्हिटाउन न्यू जर्सीत झालं. तिथेही कंपनीने तोच नकार दिला, पण आता प्रकरण न्यायालयात गेलं. सरकारी हमीच्या कर्जावर घरं विकायची आणि वंश बघून नकार द्यायचा हे चालणार नाही, असं राज्याच्या कायद्याने ठरलं. १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात कंपनी हरली. आज त्या गावाचं नाव विलिंगबरो आहे आणि तिथली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय आहे.

साऱ्या देशासाठी घरविक्रीत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा १९६८ मध्ये आला. त्याच्या तीन वर्षं आधी, १९६५ मध्ये, परदेशातून येणाऱ्यांसाठीचा नवा कायदा होऊन भारतीयांना अमेरिकेचं दार उघडलं होतं. म्हणजे आपली माणसं तिथे पोचू लागली आणि थोड्याच वर्षांत घरांची दारंही कायद्याने उघडली. आज न्यू जर्सीत मराठी माणूस घर घेतो, तेव्हा त्याची वाट आधी डेझी मायर्ससारख्यांनी मोकळी केलेली असते. शिवाय बायकांसाठी आणखी एक पायरी बाकी होतीच. कर्ज देताना बायकोची कमाई बँका पुरती धरत नसत. बाई म्हणून कर्ज नाकारायला बंदी आली १९७४ मध्ये.

मधल्या काळात जे नुकसान झालं ते मात्र भरून निघालं नाही. १९४९ मध्ये ७,९९० डॉलरला घर मिळालं त्याच्या नातवंडांना लाखांची मालमत्ता मिळाली. त्याच युद्धात लढलेल्या, तेवढाच पगार असलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला ते घर नाकारलं गेलं. कायद्याने दार उघडलं तोवर किमती वाढल्या होत्या. तो भाडं भरत राहिला आणि भाड्यातून नातवंडांसाठी काही उरत नाही.

आपल्या दाराशी

हा प्रश्न आपल्याकडेही आहे. एका समाजाच्या सहकारी गृहसंस्थेने फक्त आपल्याच समाजाचे सभासद घ्यावेत का, हा वाद अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीवरून आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००५ मध्ये न्यायालयाने सोसायटीच्या बाजूने कौल दिला. मुंबईत "फक्त शाकाहारींसाठी" असं सांगून घर नाकारल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि त्या बातम्यांत अनेकदा आपल्या समाजाचं नाव असतं. आपल्या चुलीवर काय शिजेल हे ठरवायचा हक्क आपला आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अमेरिकेतली ती अट कातडीच्या रंगावर होती आणि आपली आहारावर, हा फरकही मी मानते. पण नकार ऐकून जिना उतरणाऱ्या बाईला तो फरक किती जाणवत असेल? आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईत एकटी राहणाऱ्या आपल्याच मुलीला "एकट्या मुलीला जागा देत नाही" असं ऐकावं लागतं, तेव्हा आपल्याला कसं वाटतं?

आपल्या सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला तर गप्प बसू नका, एवढंच माझं सांगणं आहे. नवं कुटुंब सामान उतरवत असेल तर आधी पाण्याचा तांब्या घेऊन जा, आडनाव नंतर विचारा. बी वेक्सलर यांनी काही मोठं भाषण केलं नव्हतं, त्या शेजारणीसारख्या वागल्या.

आणि एक काम करा. घरच्या कपाटात जुनं खरेदीखत असेल तर सासऱ्यांना किंवा वडिलांना विचारून एकदा काढा. घर कुणाकडून घेतलं, केवढ्याला घेतलं, कोणत्या अटी होत्या आणि त्यावर घरातल्या बाईचं नाव आहे का, ते बघा. काय सापडलं ते मला नक्की कळवा.